संकटापूर्वीची घरची तयारी

(संस्थेच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हजारो माणसे झोपेतच गेली. जमीन हलली ती काही सेकंद. जीव घेतला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सखल वस्त्यांतील घरेच्या घरे पाण्याखाली गेली.

मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस, म्हणून प्रथम कागदांविषयी बोलतो. कर्ता माणूस गेला, खाते त्याच्या एकट्याच्या नावावर आणि नॉमिनीही नाही, तर त्याच्या पत्नीला वारसांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, प्रसंगी कोर्टाचा वारस दाखला, असे हेलपाटे घालावे लागतात. चूल मात्र त्याच आठवड्यात पेटवायची असते. म्हणून खाते दोघांच्या नावे करा. 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशी नोंद घ्या. नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्यावर चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आणि हे सर्व घरच्या बाईला ठाऊक असू द्या.

जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, घराचे कागद, विम्याची पॉलिसी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. ज्या दाखल्यासाठी कचेरीत चपला झिजल्या, तो एका पुरात जाऊ देऊ नका.

दुसऱ्या पिशवीत बॅटरी, काडेपेटी, रोजची औषधे, चणे-गूळ, पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर आणि थोडी सुटी रोकड असावी. वीज गेली की एटीएमही बंद पडते. पुरानंतर पाणी उकळूनच प्या. जुलाब झाल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. पाणी घरात शिरण्याआधीच मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. झोपण्याच्या जागेवरील माळ्यावर जड भांडी ठेवू नका. कपाट भिंतीला आवळून टाका. मदतीसाठीचा ११२ हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.

यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही, एक रविवार लागतो. येत्या रविवारी नवरा-बायकोने मिळून पासबुक उघडून नॉमिनीचे नाव पाहावे, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.