प्लगचे तोंड पाहा
(सांगोला येथे रिक्षा चालवणाऱ्या स्त्रियांपुढे केलेले भाषण)

मैत्रिणींनो, परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. तेव्हापासून बायका बिल्ल्यासाठी, परवान्यासाठी झगडल्या. पण पंढरपूर रस्त्यावर रिक्षा झटके मारू लागली की गॅरेजवाला विचारतो, "घरात पुरुष कोण आहे?" आणि प्लगच्या कामाला इंजिनकामाचे बिल लावतो. दिवसाची कमाई बुडते ती वेगळीच. म्हणून आज प्लगवरच बोलते. (डिझेल रिक्षाला हा प्लग नसतो, त्या बायांनी बसून ऐकावे!)

इंजिन गार होऊ द्या. टोपी धरून ओढा, वायर नव्हे. भोवतीची धूळ पुसा, नाहीतर ती आत पडेल. प्लगपान्याने प्लग काढून तोंड पाहा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढराफटक म्हणजे इंजिन फार तापते. तेलकट ओला असेल, तर जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधले ऑइल जास्त झालेले असते. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र रिंगांचे काम खरेच निघू शकते.

नवा प्लग त्याच नंबरचा घ्या. आटे आधी हाताने बसवा. अडला तर जोर करू नका. हेडचे आटे गेले तर खर्च मोठा. तरीही झटके राहिले तर टोपी, वायर, कॉइल, मग इंधन, असे क्रमाने पाहा. गॅरेजला जावेच लागले तर जुना प्लग बरोबर न्या आणि त्याचा रंग दाखवूनच बोलणे सुरू करा.