ढगातल्या विमानाला वाट कशी सापडते?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मागच्या पावसाळ्यात माझी मुलगी विमानानं नांदेडला येत होती. ढगांत आवाज ऐकू आला, विमान काही दिसलं नाही. ते हैदराबादला जाऊन उतरलं. विमानतळाबाहेर एक गृहस्थ म्हणाले, "पायलट वाट चुकला असणार." आमच्या सौ. घाबरल्या. मला मात्र त्या गृहस्थांचा रागच आला.

फार पूर्वी मी बँकेच्या लातूर शाखेत होतो. खोलीवर एक ट्रान्झिस्टर होता. परभणी आकाशवाणी लावून तो आडवा फिरवला की एका ठिकाणी आवाज अगदी बारीक व्हायचा. तेव्हा आतल्या अँटेनाच्या कांडीचं टोक परभणीच्या रोखानं असतं. नकाशावर परभणीतून त्या दिशेची रेघ ओढली. मग हैदराबाद लावून दुसरी. दोन्ही रेघा छेदल्या तिथे लातूर! परभणी जवळजवळ उत्तरेला, हैदराबाद आग्नेयेच्या अंगाला, त्यामुळे फुली स्वच्छ पडते. (केंद्र पुढे की मागे, हे कांडी सांगत नाही. नकाशा नसता तर मी हैदराबाद बीडकडेही शोधलं असतं.) रात्री मात्र आकाशातून परतलेल्या लहरी मिसळतात आणि दिशा डळमळते.

विमानातलं जुनं दिशादर्शक यंत्र याच तत्त्वावर चालतं. त्याहून पक्कं ते 'व्हीओआर'. समजा, दीपगृहाचा झोत गोल फिरतोय आणि तो उत्तरेला आला की चहूकडे दिसेल असा एक दिवा लुकलुकतो. दिवा दिसल्यापासून झोत आपल्यावर येईपर्यंतचा वेळ मोजला की आपण दीपगृहाच्या कोणत्या दिशेला आहोत ते कळतं. व्हीओआर हेच काम रेडिओलहरींनी सेकंदाला 30 वेळा करतं. जोडीला 'डीएमई' असतं. विमान साद घालतं, जमिनीवरचं यंत्र उत्तर देतं, लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. दिशेत एका अंशाची चूक झाली तर 60 मैलांवर विमान साधारण एक मैल बाजूला! आमच्या कॅशमध्ये एवढा फरक आला असता तर कुणी घरी गेलं नसतं.

आता उपग्रह आले. पण त्यांचे संदेश क्षीण असतात, कुणी मुद्दाम बिघडवूही शकतं. म्हणून जमिनीवरची केंद्रं अजून राखली आहेत.

मुलगी मध्यरात्री टॅक्सीनं घरी पोहोचली. कॅप्टननं विमानात सांगितलं होतं, ठरलेल्या उंचीपर्यंत उतरलो, धावपट्टी दिसली नाही, म्हणून वर निघालो. म्हणजे नांदेड कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं; दिसत तेवढं नव्हतं. सौ. पिठलं-भाकरी झाकून जाग्याच होत्या.

ट्रान्झिस्टर माझ्याकडे अजून आहे. मुलांनो, रविवारी नकाशा घेऊन गच्चीवर या.