पापणी शेळीची आणि आपली

आम्ही बोलतोय गावातल्या आशा आणि पशुसखी, एकत्र. एरवी आमची कामं वेगळी. एकीच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या आणि माताबाल कार्ड, दुसरीच्या पिशवीत जंताचं औषध आणि थर्मामीटर. पण उंबरे तेच. सकाळी एक जण तुमच्या सुनेची चौकशी करून जाते, दुपारी दुसरी तुमच्या शेरडांची. म्हणून आज दोघींनी मिळून एकाच विषयावर बोलायचं ठरवलं आहे. विषय आहे रक्त. ते अंगात कसं फिरतं, शेळीच्या कसं, आपल्या कसं, आणि त्याची ताकद कमी झाली की शरीर काय काय सांगतं. शेंगा निवडत असाल, गोधडी शिवत असाल, तर हात चालू राहू द्या. कान तेवढे इकडे द्या.

आता एक मिनिट मात्र हातातलं काम थांबवा. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला तीन बोटं हलकेच ठेवा. टकटक लागतेय? ती नाडी. छातीत हृदय एकदा आवळलं की इथे एक टक. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला 60 ते 100 ठोके पडतात. शेळीची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते, मिनिटाला 70 ते 90. गाईची शेपटीखाली, मुळाजवळ लागते, मिनिटाला साधारण 50 ते 80. कोंबडीचं हृदय मिनिटाला अडीचशेच्या वर धडधडतं आणि हत्तीचं तीसच्या आसपास. अंग जेवढं लहान, तेवढी ठोक्यांची घाई. आपलं हृदय मिनिटाला बहात्तर ठोके धरले, तरी दिवसभरात एक लाखाच्या वर ठोके मारतं. त्याला अमावास्येची सुट्टी नाही की बाजाराचा खाडा नाही.

हे हृदय करतं तरी काय? आपल्या विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर आणा. मोटर पाणी ढकलते, मेन लाइन ते शेतापर्यंत नेते, मग बारीक नळ्या, आणि शेवटी ठिबकचा थेंब रोपाच्या मुळाशी. शरीरात तसंच आहे. हृदय रक्त ढकलतं, जाड रोहिण्या ते पुढे नेतात, त्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटी केसाहून बारीक नळ्या होतात. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्या इतक्या अरुंद की लाल रक्तपेशींना एकीमागे एक, ओळीनं जावं लागतं. तिथेच हवेतला प्राणवायू आणि खाल्लेल्या अन्नाचा रस अंगाला मिळतो. तिथून नीलांमधून रक्त परत हृदयाकडे येतं. बाईच्या अंगात साधारण साडेचार-पाच लिटर रक्त असतं आणि शांत बसलेली असताना ते सगळं एका मिनिटात एक फेरी पुरी करतं.

खरं तर फेऱ्या दोन. हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसात पाठवते, तिथे ते प्राणवायू भरून घेतं. मग ते डाव्या बाजूला येतं आणि तिथून अंगभर जातं. त्यासाठी आपल्या हृदयाला चार कप्पे आहेत. शेळीला, गाईला, कुत्र्याला, कोंबडीलाही चारच. बेडकाला तीन. माशाला दोन, त्याचं रक्त हृदयातून कल्ल्यात जातं आणि तिथूनच पुढे अंगभर. आणि नाकतोडा बघा, त्याच्या रक्तात लाल रंगच नाही, कारण प्राणवायू वाहायचं काम त्याचं रक्त करत नाही. त्याच्या अंगात हवेच्याच बारीक नळ्या असतात. आपल्याला आणि शेळीला मात्र प्राणवायू पोचवायला लाल रक्ताशिवाय दुसरी वाट नाही.

तो लाल रंग कशाचा? हिमोग्लोबिनचा. लाल पेशीत भरलेला हा पदार्थ प्राणवायू धरून ठेवतो, आणि तो बनायला लोह लागतं. बाईच्या सगळ्या अंगात मिळून लोह किती, तर तीन ग्रॅमच्या आसपास, एखाद्या छोट्या खिळ्याएवढं. तेवढ्यावर संसार चाललेला असतो.

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथेच होतो. ‘हिच्या अंगात रक्त कमी आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा वाटतं, पाच लिटरचं तीन लिटर झालं असेल. तसं नसतं. पुन्हा ठिबककडे या. मोटर चालू आहे, पाणी धो-धो येतंय, पण टाकीत खत सोडायचंच राहिलं. रोपाला पाणी मिळालं, खत नाही. पान पिवळं पडतं. आपलं तेच होतं. रक्त फिरत असतं, पण त्यात हिमोग्लोबिन कमी, म्हणून प्राणवायू कमी. मग हृदय काय करतं? खेप छोटी झाली, तर खेपा वाढवायच्या. ते जोरात पळायला लागतं. म्हणून जिना चढताना छाती धडधडते, हंडा उचलला की दम लागतो, चक्कर येते, दुपारी अंग टाकून द्यावंसं वाटतं.

आता वाडग्यात येऊ. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरात ही गोष्ट नवी नाही. शेळी मलूल झाली, कळपाच्या मागे राहायला लागली, की पशुसखी काय करते? उजेडात धरते, खालची पापणी खाली ओढते आणि आतला रंग बघते. लाल असेल तर बरी. गुलाबी फिका असेल तर लक्ष ठेवायचं. पांढरी पडली असेल तर तातडीनं डॉक्टर. यासाठी दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांकरता एक रंगपट्टीच तयार झाली. लाल ते पांढरा असे पाच रंग, आणि पापणी त्याशेजारी धरून नंबर द्यायचा. आता ती कितीतरी देशांत शेळ्यांसाठीही वापरतात.

पापणी पांढरी पडते त्यामागे बहुतेक वेळा एक जंत असतो. शास्त्रात त्याला हिमॉन्कस म्हणतात. शेळीच्या पोटाचे चार कप्पे, त्यातल्या चौथ्या कप्प्यात तो राहतो आणि रक्त पितो. बोटाच्या पेराएवढा लहान जीव. एक जंत दिवसाला थेंबभर रक्त काढतो, पण हजारोंनी असले की रोजचं पावशेर रक्त जाऊ शकतं. पावसाळ्यात त्याची पिल्लं गवताच्या ओल्या पात्यावर चढून बसतात. म्हणून आम्ही सांगतो, दव सुकल्यावर चरायला सोडा. काही शेळ्यांच्या जबड्याखाली मऊ सूज येते, कारण रक्तासोबत अंगातलं प्रथिनही निघून जातं. गोचीड आणि यकृतातले कृमी यांनीही पापणी फिकी पडते, म्हणून नेमकं कारण डॉक्टरांकडूनच कळतं. आणि औषध वजन करून, पूर्ण मात्रेत. अर्धं औषध पाजलं किंवा उठसूट सगळ्या कळपाला पाजलं, की जंत त्या औषधाला सरावतात.

हे सगळं आपल्याला पटतं. शेळीची पापणी पांढरी दिसली तर कोणी म्हणत नाही, ‘चालायचंच, शेळीची जातच अशी.’ बाजारात तिची किंमत आहे, ती मेली तर घराचं नुकसान आहे. मग दुपारी वाडग्यात शेळीची पापणी बघणारी आपण, संध्याकाळी चुलीपुढे बसलेल्या सुनेची पापणी बघतो का?

आम्ही घरोघरी विचारतो, ‘वहिनी, दम लागतो का?’ उत्तर येतं, ‘लागायचाच की गं, काम का थोडं आहे?’ काकींना विचारावं तर, ‘आता वय झालं.’ पोरीला विचारावं तर तिच्या आधी आईच सांगते, ‘ती पहिल्यापासून अशीच नाजूक.’ विशीत नाजूक, तिशीत काम, पन्नाशीत वय. प्रत्येक वयाला एक कारण तयार आहे, आणि पापणी कोणीच बघत नाही. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायांपैकी 54 जणींना रक्तक्षय निघाला. देशाचा आकडा 57. म्हणजे आत्ता रेडिओभोवती चौघी बसल्या असाल, तर त्यातल्या दोघी.

बाईचं लोह जातं कुठे? पाळीत दर महिन्याला जातं. ज्यांना फार जास्त जातं, गाठी पडतात, सात-आठ दिवस थांबत नाही, त्यांचं तर फारच. बाळंतपणात जातं. पाठोपाठ दोन मुलं झाली, तर पहिल्याची तूट भरायच्या आत दुसरं मागायला येतं. आणि आपल्यालाही रक्त पिणारा जंत असतो, अंकुशकृमी. अनवाणी चाललं की मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरतो, रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात, आणि गिळला की आतड्यात जाऊन बसतो. शेळीला तो गवतातून, आपल्याला मातीतून. म्हणून शेतात चप्पल घाला आणि शौचाला संडास वापरा. वरून आपली रीत, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं आणि उरलंसुरलं खायचं. खर्च मोठा आणि जमा लहान, मग वही कशी जुळणार?

आता सगळ्यात जोखमीची वेळ. पोटूशी बाईच्या अंगात रक्ताचं पाणी वाढतं. एकूण रक्त जवळपास दीडपट होतं, कारण बाळापर्यंत वारेतून सगळं पोचवायचं असतं. पाणी वाढतं तेवढ्या पेशी वाढत नाहीत, म्हणून रक्त आणखी पातळ होतं. त्यात आधीच लोह कमी असेल, तर बाळंत होताना धोका. बाळंतपणात थोडं रक्त जातंच. सशक्त बाई अर्धा लिटर गेलं तरी सावरते. जिची शिल्लकच नाही, तिचं हृदय तेवढ्यानंही कोलमडू शकतं. नऊ महिने ‘थोडा थकवा’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्या एका तासात जिवावर बेतते. त्या तासाला रक्ताच्या पिशवीसाठी धावाधाव करण्यापेक्षा आधी सहा महिने गोळी घेणं सोपं आहे.

म्हणून काय करायचं, तेवढं लक्षात ठेवा.

पहिलं, पापणी बघा. दिवसाच्या उजेडात, खालची पापणी खाली ओढून. सोबत जीभ, नखं, तळहात बघा. माती, कच्चे तांदूळ, पाटीची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर तीही खूणच. पण डोळ्यांनी नुसता अंदाज येतो. आकडा तपासणीतच कळतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 हवं, गरोदर बाईचं 11. गरोदरपणी सातच्या खाली गेलं तर घरी बसायचं नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते.

दुसरं, गोळी. लाल गोळी गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहा लोह अडवतो. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लिंबू मात्र चालेल, त्यानं लोह अंगी लागतं. रक्तक्षय असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील, आणि आकडा सुधारला तरी पुढे तीन महिने गोळी सोडायची नाही, कोठार भरायला तेवढा वेळ लागतो. जंताची गोळीही घ्या. गरोदर असाल तर पहिले तीन महिने सोडून आणि विचारूनच.

तिसरं, ताट. बाजरी, शेवग्याचा पाला, अळीव, तीळ, कडधान्यं, आणि खात असाल तर काळीज. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, तो रंग लोहाचा नव्हे. नुसत्या गुळावरही भागत नाही.

आणि चौथं, गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर गप्प बसू नका. सिकलसेलसारखा आजार असेल, बी-बारा कमी असेल, आतून कुठे रक्त जात असेल, तर उपाय वेगळा.

सासूबाई, आत्याबाई, तुम्हाला एक खास विनंती. घरात कोणाचं काय दुखतंय हे तुमच्या नजरेतून सुटत नाही. करडू आजारी पडलं तर कान गरम आहेत का हे आधी तुम्हीच बघता. तीच नजर सुनेकडे आणि लेकीकडे वळवा. आणि सूनबाई, तुम्ही सासूबाईंची पापणी बघा. पाळी गेली म्हणजे रक्तक्षय होत नाही असं काही नाही. दोघींच्या पापण्या फिक्या दिसल्या तर दोघी मिळून उपकेंद्रावर या. एकमेकींना सोबतही होईल आणि रस्त्यानं बोलणंही होईल.

पुढच्या वेळी बोलू श्वासाबद्दल: चुलीचा धूर बाईच्या फुफ्फुसात जाऊन काय करतो, आणि बंद गोठ्यातला वास गाईच्या. तोवर आज रेडिओ बंद केल्यावर शेजारी जी कोणी बसली असेल, तिला उजेडात घेऊन जा. नमस्कार.