मुंग्या आल्या की सांगा



आपल्या बोलीत ‘नस’ हा शब्द फार उदार आहे. मनगट कापून भळाभळा रक्त आलं तरी ‘नस कापली’, आणि मानेत कळ येऊन हात बधिर झाला तरी ‘नस दबली’. पहिली रक्तवाहिनी, दुसरी चेता. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या नसेबद्दल. ती तुटली म्हणून रक्ताची धार लागत नाही, त्यामुळे ती तुटल्याचं पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही.

ऊसतोडीला आलेल्या एका ताईंचं असंच झालं होतं. उजव्या हातातला कोयता निसटला आणि ऊस धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी बसला. टाके पडले, जखम भरली. तीन आठवड्यांनी त्या माझ्याकडे आल्या त्या भाजल्याची तक्रार घेऊन. चुलीवरची भाकरी उलटताना त्याच बोटाला चटका बसला, टरारून फोड आला, आणि त्यांना तो दिसला तेव्हा कळलं. “दुखलंच न्हाई, डॉक्टर,” असं त्या सांगत होत्या. कातडी सांधली होती, आतली नस तशीच तुटलेली राहिली होती.

विजेची वायर तुटली तर दोन टोकं पिळून वर टेप गुंडाळला की दिवा लागतो. नसेचं तसं नसतं. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरनं बेडकाच्या जिभेतल्या नसा कापून पाहिल्या. कापाच्या पुढचे, म्हणजे मूळ पेशीपासून तुटलेले तंतू काही दिवसांत मरतात, हे त्यानं दाखवलं. पण तंतूंभोवती श्वान नावाच्या पेशी असतात, त्या मागे राहतात. मेलेल्या तंतूंची झाडलोट करतात आणि ओळीनं उभ्या राहून नव्या तंतूसाठी वाट तयार करतात. इकडे वरच्या टोकाला धुमारे फुटतात. वाढीचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. हसू नका, आपल्या हाताची नखं याच्या दहाव्या हिश्शानंच वाढतात.

तेव्हा नस मुळात स्वतःच वाढते. तिला वाढवणारं औषध अजून तरी आमच्या हाती नाही. आमचं काम मांडव घालण्याचं. दोडक्याचा वेल लावला की आपण काय करतो? सुतळी बांधून देतो आणि बाजूला होतो. वेलाला आधार मिळाला नाही तर तो मरत नाही, तिथंच गुंताडा करून बसतो. नसेचंही हुबेहूब तसंच. पलीकडचं टोक सापडलं नाही की वरच्या टोकाशी तंतूंची दुखरी गाठ होते.

आता तुम्ही म्हणाल, दोन टोकं ओढून शिवून टाका. ताजी, स्वच्छ कापलेली नस असेल तर तेच करतो. पण दिवस गेले की टोकं आखडतात, त्यांवर वण धरतो, आणि तो कापून टाकल्यावर मध्ये खिंड पडते. ओढून शिवावं तर ताणानं नसेचा रक्तपुरवठाच तुटतो. व्हिएन्नाचे हानो मिलेसी यांनी १९७२च्या सुमारास हे पटवून दिलं आणि ताण न देता मध्ये दुसऱ्या नसेचे तुकडे बसवायची पद्धत रूढ केली. हे तुकडे बहुधा पोटरीतल्या एका नसेचे. पद्धत चांगली, आजही मोठ्या खिंडीसाठी पहिली पसंती तिलाच. फक्त पावलाची बाहेरची कड त्या बदल्यात बधिर होते. बोट वाचवायला पाय गहाण ठेवायचा.

म्हणून नळी. स्वीडनचे योरान लुंडबोर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मांडीतली नस कापली आणि दोन्ही टोकं सिलिकॉनच्या नळीत बसवली. मधली जागा पूर्ण रिकामी. नळीत आधी टोकांतून पाझरलेला द्रव साचला, मग त्यात रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचा एक दोर तयार झाला, त्यावरून श्वान पेशी सरकल्या आणि त्यांच्या मागोमाग तंतू. दहा मिलिमीटरची खिंड सांधली गेली. पंधराची मात्र नाही. आणि पलीकडचं टोक नळीत ठेवलंच नाही तर दहाचीही नाही! पलीकडून काहीतरी बोलावणं यावं लागतं.

सिलिकॉनचा दोष एवढाच की ते जात नाही. काम संपलेला मांडव तसाच राहतो, भोवती वण जमतो, नस आवळली जाते, आणि मग तो काढायला दुसरं ऑपरेशन. इथं बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा, अभ्यास कामी आला. ऑपरेशनात विरघळणारे टाके घालतात ना, त्यातल्या पॉलिग्लायकोलिक ॲसिडची नळी अमेरिकेत १९९९ साली वापरासाठी मान्य झाली. ती साधारण तीन महिन्यांत विरते. दुसरं एक बहुवारिक लॅक्टिक ॲसिडपासून बनतं, तेच ॲसिड जे आपल्या दह्यात असतं. त्यात कॅप्रोलॅक्टोन मिसळलं की नळी लवचिक होते आणि वर्षाहून जास्त टिकते.

खरी परीक्षा इथं आहे. नळी लवकर विरली तर तंतू अर्ध्या वाटेत उघड्यावर पडतात. फार टिकली तर पुन्हा सिलिकॉनचंच दुखणं. विरताना फुगली तर आतली वाट बुजते. भिंत इतकी मऊ हवी की सांध्यावर वाकेल, पण वाकताना चपटी होता कामा नये. भिंतीला छिद्रं हवीत, प्राणवायू आणि साखर आत येण्यापुरती. त्याहून मोठी झाली की वण करणाऱ्या पेशी आत शिरतात. एका अटीकडे लक्ष द्यावं तर दुसरी बिघडते. माझ्या मते यात सगळ्यात अवघड वेळेचंच गणित.

लांब खिंडीला मात्र रिकामी नळी पुरत नाही, आत सुतळी लागते. ही कल्पना जुनी आहे. रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१४ साली चक्क कोळ्याच्या जाळ्यावर पेशी वाढवून पाहिल्या, आणि त्या धागा धरून पसरल्या. पुढं जर्मनीतल्या हानोव्हरच्या डॉक्टरांनी नेफिला जातीच्या कोळ्याचे धागे शिरेच्या नळीत भरून मेंढीच्या पायातली सहा सेंटिमीटरची खिंड सांधली. ते काम २०११ साली छापून आलं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानवाटेवर तोंडावर येणारं ते भलंमोठं सोनेरी जाळं याच नेफिलाच्या कुळातल्या कोळ्याचं. बहुवारिकाचे केसाहून बारीक, एकाच दिशेचे तंतू ओढून नळीत भरायचे प्रयोग आता प्रयोगशाळांतून चालतात, त्यांचा गाभा तोच.

पण माणसाच्या हातात आज ज्या नळ्या घालतो त्या तीन सेंटिमीटरपर्यंतच भरवशाच्या. आणि पाठीच्या कण्यातली नस तुटली असेल तर नळीचा उपयोग नाही. तिथल्या वातावरणातच तंतूंना मनाई असते. कुणी ‘नळी घालून पाय चालू करतो’ म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

ताईंच्या बोटातली खिंड दीड सेंटिमीटरची होती. दोन मिलिमीटर व्यासाची नळी, सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याचे टाके. नंतर दर भेटीत मी बोटावर हलकेच टिचकी मारत जात असे. जिथं वाढते कोवळे तंतू पोचलेले असतात तिथं टिचकीनं झिणझिण्या येतात. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरून फ्रान्सच्या झ्यूल तिनेल यांनी १९१५ साली नोंदलेली ही खूण. एरवी मुंग्या आल्या की आपण हात झटकतो. चौथ्या महिन्यात बोटाच्या पेराशी टिचकी मारली आणि ताई ओरडल्या, “आल्या की मुंग्या!” बोट पूर्वीसारखं झालेलं नाही. पण चटका आता कळतो.

कोयता, काच, नायलॉनचा मांजा, कडबाकुट्टी, कशानंही हात कापला तर टाके पडण्याआधी एवढं करा: डोळे मिटा आणि कुणाला तरी प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंना कापूस लावायला सांगा. जिथं लागलेला कळत नाही ती जागा डॉक्टरांना दाखवा, त्याच दिवशी.