प्रश्न आपला, नोंद संसदेची
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मत मागायला आलेल्या माणसाला आपण रस्त्याचे विचारतो, डीपीचे विचारतो, विहिरीच्या प्रकरणाचे विचारतो. लोकसभेत तुम्ही आमच्याविषयी काय बोललात, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज आम्ही तेवढ्यावरच बोलणार आहोत.

या बीड जिल्ह्याने १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवले. माणूस साताऱ्याकडचा, लाल बावट्याचा. १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला, पुढे पत्रीसरकार चालवलेला. १९५७ साली ते साताऱ्याकडून पहिल्यांदा खासदार झाले आणि संसदेत मराठीतून बोलले. घटनेच्या १२० व्या कलमात तशी सोयच आहे. हिंदी-इंग्रजी नीट येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मायबोलीत बोलता येते. तेव्हा भाषा येत नाही, ही सबब चालायची नाही.

तुम्ही म्हणाल, बोलून भाव थोडाच वाढतो? खरे आहे. २०१८ साली राजू शेट्टींनी कर्जमुक्तीचे आणि हमीभावाचे अशी दोन खासगी विधेयके लोकसभेत मांडली. कायदा झाला नाही. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही. पण प्रश्नाचे तसे नाही. प्रश्न दाखल झाला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते कायमचे नोंदले जाते. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते, वर उपप्रश्न करता येतो. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते.

सभागृह बंद पडले की काय होते, ते २०२५ साली पाहिले. पावसाळी अधिवेशनात लोकसभेत १२० तास चर्चा ठरली होती, काम झाले ३७ तास. अधिवेशन संपायला तीन दिवस उरले असताना, १८ ऑगस्टला, केंद्राने अधिसूचना काढून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. २१ ऑगस्टला अधिवेशन संपले आणि आठवडाभरात ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपल्या वेचणीचेच ते महिने!

म्हणून प्रश्न आपणच लिहून द्यायचा. मोघम लिहू नका. 'शेतकऱ्यांचे हाल होतात' म्हटले की 'सरकार प्रयत्नशील आहे' एवढेच उत्तर येते. आकडा मागा. गेल्या हंगामात सीसीआयने बीड जिल्ह्यात किती खरेदी केंद्रे उघडली, कोणत्या तारखेला? किती क्विंटल कापूस घेतला, पैसे किती दिवसांत दिले? हमीभावाने ज्वारी किती घेतली? उत्तरातला आकडा खोटा निघाला, तर आपल्या घरातल्या काटापट्ट्या पुढे ठेवता येतील.

प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशनाची तारीख कळताच प्रत्येक तालुक्याने एक प्रश्न लिहावा, सह्या कराव्यात, खासदाराच्या हाती द्यावा आणि पोच घ्यावी. खासदार कोणत्याही पक्षाचा असो.

पुढच्या मेळाव्यात पोच आणि उत्तर, दोन्ही वाचून दाखवू. प्रश्न विचारलाच गेला नाही, तर तेही वाचून दाखवू.