मोत्सार्टच्या शिकवण्या



थोर संगीतकाराचे नाव निघाले की त्याच्या रचना आठवतात. त्या रचण्यासाठी त्याने वेळ कोठून काढला आणि त्या काळात घरखर्च कसा चालवला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वोल्फगांग आमाडेउस मोत्सार्टच्या बाबतीत हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या पत्रांत आहे.

1781 पर्यंत मोत्सार्ट साल्ट्सबर्गच्या आर्चबिशपच्या पदरी होता. दरबारी ऑर्गनवादक म्हणून त्याला वर्षाला 450 गुल्डन मिळत. आपल्याकडेही संस्थानिकांच्या पदरी गवई असत. तेव्हा अशा चाकरीतील सुरक्षितता आणि अवहेलना या दोन्ही गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. त्या वर्षी आर्चबिशपबरोबर तो व्हिएन्नात राहिला, तेव्हा जेवणाच्या मेजावर त्याची जागा खाजगी सेवकांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर होती. ही गोष्ट त्याने वडिलांना खेदाने कळवली. पुढे थोड्याच दिवसांत त्याने चाकरी सोडली. त्या वेळी तो 25 वर्षांचा होता. आता शिकवण्या, जलसे आणि छापून विकल्या जाणाऱ्या रचना एवढाच काय तो आधार उरला.

जून 1781 मध्ये त्याला एकच शिष्या होती. बारा पाठांना सहा डुकाट हा त्याचा दर. तो कमी केला असता तर आणखी शिकवण्या मिळाल्या असत्या. परंतु दर उतरला की नावही उतरते, अशी त्याची धारणा होती. थोडके पैसे देणाऱ्या सहाजणांपेक्षा चांगले पैसे देणारे तिघे त्याला अधिक पसंत होते.

या व्यवहारातील खरी मेख पुढे ध्यानात आली. शिष्या आठवडेच्या आठवडे पाठ चुकवीत. पाठ झाला नाही की पैसेही बुडत, आणि त्यासाठी राखून ठेवलेला वेळ तर परत येत नसेच. म्हणून जानेवारी 1782 पर्यंत त्याने पाठांची मोजदाद बंद केली आणि महिन्याला सहा डुकाट असा दर ठरवला. मग पाठ होवोत वा न होवोत. तीन शिष्यांचे 18 डुकाट होत. आणखी एक शिष्या मिळाली तर 24 डुकाट, म्हणजे 102 गुल्डन आणि 24 क्रॉयत्सर होतील, आणि तेवढ्यात नवराबायकोचा संसार साधेपणाने चालेल, असा हिशेब त्याने वडिलांपुढे मांडला. कॉन्स्टान्त्सेशी विवाह करण्यास त्यांची संमती हवी होती, त्यामुळे हा हिशेब मांडणे भाग होते. घरोघरी शिकवण्या करणाऱ्या आपल्याकडील कोणत्याही गायनमास्तरला त्यातील विवंचना न सांगता कळेल.

त्याचा दिवस कसा जाई, हे फेब्रुवारी 1782 मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रावरून समजते. सकाळी सहापर्यंत केशरचना आटोपलेली असे, सातला तो पोशाख करून तयार होई. सात ते नऊ रचना. नऊपासून एकपर्यंत शिकवण्या. बाहेर भोजनाचे निमंत्रण असेल तर जेवायला दोन-तीन वाजत. मग संध्याकाळी पाच-सहाच्या आधी लेखणी हाती धरता येत नसे. एखादा जलसा असला तर तेही राही. नसला तर तो नऊपर्यंत लिही, त्यानंतर कॉन्स्टान्त्सेकडे जाई आणि साडेदहा-अकराला घरी परते. संध्याकाळचा भरवसा नाही, म्हणून निजण्यापूर्वी पुन्हा लिहावयास बसे. कित्येकदा रात्रीचा एक वाजे, आणि सहाला पुन्हा उठणे असेच.

म्हणजे दिवसाचा मधला, भर उजेडाचा भाग शिकवण्यांना दिलेला होता. रचनेच्या वाट्याला दोन्ही कडा तेवढ्या येत. तथापि शिकवण्यांनी केवळ वेळ खाल्ला, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. योझेफा आउर्नहामर या शिष्येबरोबर वाजवण्यासाठी त्याने दोन पियानोंचा सोनाटा रचला. 1784 मध्ये बार्बरा प्लॉयर या शिष्येसाठी दोन कॉन्चेर्टो रचले. टॉमस ॲटवुड या इंग्रज शिष्याच्या वह्या आजही उपलब्ध असून त्यांत मोत्सार्टच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. बालवयातील हुमेल तर त्याच्या घरीच राहून शिकला. आपल्या गुरुगृहाची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता.

1784 च्या वसंतात त्याच्या तीन जलशांसाठी 174 वर्गणीदार मिळाले. तिन्ही जलशांची मिळून वर्गणी सहा गुल्डन होती. सकाळ शिकवण्यांत आणि संध्याकाळ वादनात जाऊ लागली. पुढील वर्षी त्याच्याकडे राहावयास आलेल्या वडिलांना दिसले, की घरचा पियानो निदान बारा वेळा उचलून नाट्यगृहात किंवा कोणाच्या तरी वाड्यात नेला गेला. घराचे वार्षिक भाडे 460 गुल्डन होते. साल्ट्सबर्गचे सबंध वेतनही त्याला पुरले नसते.

हे दिवस टिकले नाहीत. 1787 च्या डिसेंबरात त्याला 800 गुल्डनांचे दरबारी पद मिळाले खरे. पण 1788 मध्ये तुर्कांशी युद्ध पेटले आणि त्याच वर्षापासून मिखाएल पुखबेर्ग या व्यापारी मित्राकडे तो कर्जाची विनवणी करू लागला. 1789 मध्ये त्याने वर्गणीदारांची यादी पुन्हा फिरवली. तिच्यावर एकच नाव पडले, बॅरन फान स्वीटन यांचे.

मे 1790 मध्ये त्याने पुखबेर्गला कळवले, की सध्या दोनच शिष्य आहेत, ते आठ व्हावेत अशी इच्छा आहे. आपण शिकवण्या घेतो, हे चारचौघांच्या कानांवर घालावे. नऊ वर्षांपूर्वी सहांपेक्षा तीनच शिष्य बरे म्हणणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत. दीड वर्षाने, 5 डिसेंबर 1791 रोजी, वयाच्या 35 व्या वर्षी तो निवर्तला.

स्वतंत्र कलावंताचे स्वातंत्र्य म्हणजे काय, हे या दोन पत्रांमधील अंतरावरून कळते. चाकरीत मेजावरची जागा दुसऱ्याने ठरवली होती. चाकरी सोडल्यावर आपल्या वेळेचा दर त्याने स्वतः ठरवला. तो देणारे लोक मात्र त्याच्या हाती नव्हते. तरीही सकाळचे ते दोन तास आणि रात्रीचे ते उशिराचे लेखन त्याने सोडले नाही. आज आपण त्याचे जे संगीत ऐकतो, त्यातील कितीतरी त्या वेळांत लिहिले गेले.