जेवता जेवता उपचार

मुलगी जेवत नाही, तर उपचार कुणावर करायचे? अर्जेंटिनात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनूचिन अमेरिकेत फिलाडेल्फियाला अशा कुटुंबाला चक्क आपल्यासमोर जेवायला बसवत. आई विनवते, वडील दरडावतात, मुलगी गप्प. घरातला ताण डॉक्टरांपुढे जसाच्या तसा घडतो; ऐकीव तक्रारीपेक्षा हे पाहणं कितीतरी मोलाचं! १९७४च्या पुस्तकात त्यांनी कुटुंबाची रचना मांडली : नवरा-बायको, आईवडील, भावंडं असे उपगट आणि त्यांच्यामधल्या सीमारेषा. रेषा पुसट झाली की सगळे एकमेकांत गुंततात. फार कडक झाली की एका छपराखाली परके. मिनूचिन आधी घरच्यांत मिसळत, मग खुर्च्यासुद्धा हलवत. आईबापांच्या मधोमध बसलेल्या लेकीला उठवायचं, दोघांना शेजारी आणायचं आणि म्हणायचं, आता तुम्ही दोघं बोला.